पाच व्होल्टचा माग

महामार्गाच्या रुंदीकरणावर लिहून आणा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात पूल, दरडी आणि पुढे ढकललेल्या तारखा असणार. मी मात्र चिपळूणच्या अलीकडे एका पोकलेनपाशी अडकलो. वीस टनी यंत्र, रंग अजून शाबूत. चाबी फिरवली की सुरू व्हायचं, रिकाम्या बकेटने झुलायचंही. पण बकेट दगडात रुतली की बझर वाजायचा, लाल दिवा लागायचा आणि इंजिनाचा जोर निम्म्यावर यायचा. "लोड नहीं लेता," एवढंच सांगून ऑपरेटर सावलीत जाऊन बसला. कराडहून कुंभार्ली घाट उतरून एक वायरिंगवाले मामा यायचे होते, म्हणून मीही थांबलो.

पोकलेन ही फ्रान्समधली कंपनी, १९२७ सालची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिने पूर्ण गोल फिरणारं हायड्रॉलिक यंत्र बाजारात आणलं. आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने तिच्या परवान्यावर यंत्रं बनवली आणि मग कुठल्याही कंपनीचं खोदयंत्र इथे पोकलेनच झालं. इतिहास एवढा पुरे. आजच्या दुखण्याचं मूळ इंजिनात आहे. जुन्या इंजिनात डिझेल किती जायचं ते पंपातल्या स्प्रिंगा आणि वजनं ठरवत. १९९५ साली जपानमध्ये डेन्सोने ट्रकसाठी कॉमन रेल आणली, पुढे ती मातीकामाच्या यंत्रांतही आली. रेलमधल्या डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. एवढ्या दाबाची सुईसारखी धार कातडीच्या आत शिरते, त्यामुळे चालू इंजिनावर रेलचा नट सैल करणारा पोरगा दिसला तर त्याला तिथेच थांबवावं. हा दाब सांभाळायला इसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, बसला, आणि त्याला बाहेरचं जग कळावं म्हणून सेन्सर बसले.

मामांनी आल्यावर आधी चहा नाकारला, मग स्कॅनर नाकारला. "कोड मालकांनी फोनवर सांगितलेत." त्यांनी सांगितलेले कोड दोन होते, १०० आणि १०२, म्हणजे तेलाचा दाब आणि बूस्टचा, टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा, दाब. दोन्ही सेन्सर आधीच्या माणसाने बदलले होते, तेही नवे कोरे. कोड तसाच.

इथे मामांनी पहिली गोष्ट केली ती जुन्या वळणाची. तेलाच्या दाबाच्या सेन्सरजागी हाताचा साधा गेज बसवला आणि इंजिन चालवून घेतलं. काटा नीट वर. म्हणजे तेल खरंच आहे. "आधी इंजिन वाचवायचं, मग सेन्सर." कोडच्या मागे एक दुसरा आकडा असतो आणि सगळी गंमत त्यात असते. १०० च्या मागे १ आला तर सिग्नल ठीक आहे आणि दाब खरोखरच पडलाय, यंत्र ताबडतोब बंद करा. मागे ४ आला तर सर्किटमधला व्होल्टेज कमी झालाय, दाबाबद्दल त्यात काहीच नाही. इथे दोन्हींच्या मागे ४ होता. हा आकडा वाचणारे साइटवर फार भेटत नाहीत.

मग त्यांनी स्कॅनर लावलाच. यादीच्या तळाशी तिसरा कोड होता, ३५१०. सेन्सरांना जाणारा पुरवठा कमी. तो सगळ्यांनी पाहिला होता आणि सगळ्यांनी सोडला होता, कारण त्या नावाचा कुठला पार्ट दुकानात मिळत नाही.

दाबाच्या सेन्सरला तीन वायरी असतात. एकीतून इसीएम पाच व्होल्ट देतो, दुसरी अर्थ, तिसरीतून सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मधला सिग्नल परत पाठवतो. पाच व्होल्टची ही लाइन बहुतेकदा दोन-तीन सेन्सरांत मिळून एकच असते. वाडीची पाण्याची लाइन एक असली की खालच्या घरात पाइप फुटल्यावर वरच्या सगळ्या घरांचे नळ सुकतात, तसाच प्रकार. नळ बदलून काय होणार?

मामांनी सेन्सरला वायरी जोडणाऱ्या कपलरच्या मागून बारीक पिन सरकवली. वायरला सुई टोचत नाहीत ते. टोचलेल्या भोकातून कोकणातला पाऊस आत जातो आणि वर्षभरात तांबं हिरवं पडतं. मीटरवर ५.०१. ऑपरेटरला हाक गेली, बकेट दगडात. मीटर पडला: ३.८, १.९, बझर. बकेट वर, पुन्हा ५.०१. एकेक सेन्सर काढून तोच खेळ झाला, आकडा तसाच पडत राहिला. सेन्सर निर्दोष सुटले.

लोडवरच का पडतो? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. जोर आला की ते जागच्या जागी थोडं कलतं, चेसिस मात्र स्थिर. हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, इंजिनावरून चेसिसवर जाते तिथला एक क्लॅम्प कुणीतरी काढून परत लावलाच नव्हता. मामा पोटावर आडवे होऊन हात आत घालत गेले आणि बोटांनीच शोधलं. टेपच्या आत एका वायरचं आवरण ब्रॅकेटच्या कडेला घासून नखाएवढं गेलं होतं. तांबं चकचकीत. इंजिन कललं की ते तिथे टेकायचं.

मला हे सगळं बघताना जो आनंद झाला तो खरा, पण घाट चढताना डोक्यात वेगळंच घोळत होतं.

सेन्सर बदलणं सोपं आहे कारण त्याचं बिल होतं. शोधण्याचं होत नाही. यंत्र तासाच्या भाड्यावर, उभं राहिलं की मालकाचं रक्त आटतं, तो फोनवर ओरडतो "बदलून टाक". दुकानदार पार्ट विकतो, मिस्त्री बसवतो. कधी योगायोगाने कपलर काढून लावताना कार्बन निघून जातो, यंत्र चालतं आणि सेन्सरच गेला होता यावर शिक्कामोर्तब होतं. आठवड्याने परत फोन. बाजारात हुबेहूब दिसणारे नकली सेन्सरही आहेत. असा एक बसला की जुन्या बिघाडावर नवा बिघाड चढतो, आणि मग शोधणाऱ्याची खरी परीक्षा.

बाकीच्या अडचणी मामांनी काम करता करता सांगितल्या, तक्रार म्हणून नव्हे. पावसाआधी यंत्र प्रेशरच्या पाण्याने धुतात, नोझल थेट कपलरवर. घाटावर उसाच्या फडाजवळ उभ्या यंत्राच्या वायरी उंदीर कुरतडतात. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली की स्क्रीनवर उणे ४० येतं; मे महिन्यात चिपळुणात उणे ४०, आणि तरी लोक सेन्सरच मागवतात. शिवाय प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं आणि कुलुपात. वायरिंगचा नकाशा अधिकृत डीलरकडे. बाहेरच्या माणसाला तो मिळाला तर ओळखीने, मोबाइलवरच्या पुसट फोटोत. मामांच्या झोळीत अशा प्रिंटची वही आहे, कडा तेलकट, मधली पानं पेनाने दुरुस्त केलेली.

हाताखाली मुलगा नाही. आले होते, गेले. "कोड वाचायला सगळ्यांना आवडतं, चिखलात झोपायला नाही," ते म्हणाले. मला हे अर्धंच पटलं. मुलांना चिखलाचं वावडं नसतं. ज्या कामाचे पैसे मागताना दरवेळी हुज्जत घालावी लागते, ते काम कोण शिकेल? डीलरकडे पगार असतो, पण तिथेही किती पार्ट बदलले यावर दिवसाचा हिशेब लागत असेल तर तिथला पोरगाही शोधायला शिकणार नाही.

वायर जोडून, वर स्लीव्ह चढवून, नवा क्लॅम्प आवळून काम संपलं. बकेट दगडात घालून अर्धा तास चालवलं, मीटर ढळला नाही. मग सुपरवायझर आला, जुनी टेप आणि गंजका बोल्ट हातात घेऊन बघत राहिला. "एवढ्याचेच एवढे?"

मामांनी वाद घातला नाही. बिलबुकात लिहिलं: हार्नेस दुरुस्ती, क्लॅम्प १, स्लीव्ह १ मीटर, तपासणी. सुपरवायझरने फोटो काढून ऑफिसला पाठवला. तासाभराने उत्तर आलं की 'तपासणी'ला पार्ट नंबर नाही, तो टाकल्याशिवाय सिस्टीम बिल घेत नाही. मामा पुढच्या फोनवर पाटणला निघून गेले होते. बिल सुपरवायझरच्या टेबलावर पडून होतं.