नाळेचे रक्त कोणाच्या कामी येते?

आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण कामगार आला. बायकोचे दिवस भरत आलेले. बाळाच्या नाळेतले रक्त खाजगी कंपनीत साठवायचे, त्यासाठी पतपेढीचे कर्ज हवे होते. ‘ऐंशी रोगांचा विमाच समजा,’ असे दलालाने पढवलेले. आम्ही डॉक्टर नव्हे. पण न वाचता सही करायची नाही, ही आमची जुनी खोड. पुस्तके उघडली.

या रक्तात नवे रक्त घडविणाऱ्या मूलपेशी असतात. रोग्याची बिघडलेली अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करून जुळणाऱ्या मूलपेशी शिरेतून दिल्या, की त्या हाडांच्या पोकळीत ठाण मांडतात. १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एल्यान ग्लुकमन यांनी फँकोनीचा रक्तक्षय झालेल्या मुलाला असे रक्त प्रथम दिले आणि त्याचा रक्तक्षय हटला. पुढे रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकल सेल यांवरही हा उपाय झाला.

पण त्या मुलाला मिळाले ते बहिणीच्या नाळेचे रक्त! मेख इथेच आहे. थॅलेसेमियाचा दोष उपजत; तो बाळाच्या स्वतःच्या नाळेतही असणारच. तेच रक्त त्यालाच देऊन काय साधणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१७ साली स्वतःपुरत्या साठवणीला शास्त्रीय आधार नसल्याचे बजावले. थोरल्या भावंडाला असा रोग असेल, तर मात्र रक्त जरूर ठेवावे.

“घरात आहे कोणाला?” आम्ही विचारले. कोणालाच नव्हता. अर्ज त्याने घडी करून खिशात घातला. फाडला मात्र नाही.