बर्लिनच्या कपाटात पोखर्णीची रात्र

तुरीच्या ओळीत लपवलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटली, ही बातमी मराठवाड्याला नवी नाही. पंच बोलावतात, झाडं मुळासकट काढतात, मातीसकट वजन होतं, आरोपीला न्यायालयात उभं करतात. तेच झाड बर्लिनमधल्या एखाद्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीतल्या कपाटाएवढ्या तंबूत, दिव्याखाली उभं असतं आणि घरमालकिणीची कुरकुर सोडली तर त्याला कुणी हात लावत नाही. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ माणसाला स्वतःपुरती तीन झाडं लावायला मुभा आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला घरटी चार झाडांना परवानगी दिली; क्वेबेक प्रांताने मात्र घरच्या लागवडीला नकार दिला.

कायद्याचं नंतर बघू. मला आधी प्रश्न पडतो तो त्या तंबूचा. इकडे बांधावर उगवणारं झाड तिकडे कपाटात का कोंडावं लागतं? कुणीही सांगेल, थंडीमुळे. हे उत्तर अर्धंच खरं आहे. थंडी तर आपल्याकडेही असते. परभणीचा पारा डिसेंबरात महाबळेश्वरच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. खरी अडचण रात्रीची आहे.

परभणी जिल्ह्यातलं आमचं पोखर्णी साधारण १९ अक्षांशावर आहे. इथला सगळ्यात मोठा दिवस जूनमध्ये सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान डिसेंबरात अकरा तासांचा. वर्षभराचा फरक सव्वादोन तासांच्या आसपास. माणसाला तो जाणवतो तो एवढाच, की दिवाळीनंतर शेतातून घरी येईपर्यंत अंधार पडतो. बर्लिन साडेबावन्न अक्षांशावर. तिथे जूनमधला दिवस जवळपास सतरा तासांचा, डिसेंबरातला पावणेआठच्याही आत. आपल्या घड्याळाने चालणारं झाड तिथे नेऊन लावलं, की त्याचा हिशेब चुकणारच.

झाडं हिशेब करतात हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि त्याची सुरुवात याच झाडापासून झाली, हे फारसं सांगितलं जात नाही. पॅरिसमध्ये ज्युलियाँ तुर्न्वा नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ काचघरात हॉपचे वेल आणि भांगेची झाडं वाढवत होता. हिवाळ्यात पेरलेली रोपं वीतभर होतात न होतात तोच फुलावर येत. आधी त्याने दोष लहान दिवसाला दिला. १९१४ मध्ये तो म्हणाला, दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं हे कारण दिसतं. पुढचे प्रयोग करायला तो राहिला नाही. पहिल्या महायुद्धात मारला गेला.

पुढचं काम अमेरिकेत झालं, गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांकडून. वॉशिंग्टनजवळच्या सरकारी प्रक्षेत्रावर तंबाखूचा एक वाण होता, मेरीलँड मॅमथ. उन्हाळाभर तो नुसता वाढत राही, पानांवर पानं येत, पण फूल धरत नसे. तोच काचघरात नेला की डिसेंबरात फुले. खत बदलून झालं, पाणी बदलून झालं, तापमान बदलून झालं. शेवटी १९१८ च्या जुलैत त्यांनी कुत्र्याच्या घरासारखी एक अंधारी खोली बांधली. दुपारी चारला तंबाखूच्या आणि सोयाबीनच्या कुंड्या आत ढकलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाहेर काढायच्या. भर उन्हाळ्यात त्या कुंड्यांना फुलं आली. बाहेरच्या सोबतिणी हिरव्यागार आणि वांझ. १९२० मध्ये त्यांचा निबंध छापून आला.

अंधार मोजला जातो, उजेड नव्हे, याचा पक्का पुरावा १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दिला. त्यासाठी त्यांनी निवडलेलं झाड आपल्या ओळखीचं आहे. पोखर्णीच्या ओढ्याकाठी, गायरानात, रस्त्याच्या कडेला माजतं आणि धोतराला ज्याची काटेरी फळं चिकटतात ते शंकेश्वर, कुणी त्यालाही गोखरूच म्हणतं. या झाडाला एक लांब रात्र मिळाली तरी ते फुलावर येतं. पण त्या रात्रीच्या मधोमध काही मिनिटं दिवा लावला, की रात्र फुकट. झाडाच्या लेखी ती एक मोठी रात्र न राहता दोन तुटक्या रात्री होतात. पानात एक रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम. लाल उजेड पडला की त्याचं रूप पालटतं आणि अंधारात ते हळूहळू पूर्वपदावर येतं. उजेड-अंधार ओळखणारा झाडाचा डोळा म्हणावा तो हाच; वेळ मोजतं ते झाडाच्या आतलं घड्याळ.

पटत नसेल तर सप्टेंबरच्या अखेरीस रस्त्याकडेच्या हायमास्ट दिव्याखालचं सोयाबीन बघा. सगळं रान पिवळं पडून पानगळीला लागलेलं असतं आणि दिव्याच्या टप्प्यातला गोल तुकडा हिरवाच. शेंगा कमी, पाला जास्त. काढणीचं मशिन आलं की तेवढा तुकडा मागे ठेवावा लागतो.

भांगेचं झाडही याच जातकुळीतलं, रात्र लांबली की फुलणारं. आपल्याकडे मृगात उगवलेलं झाड पावसाळाभर वाढतं, भाद्रपद-आश्विनात रात्र चढू लागली की फुलावर येतं आणि ऊन-वाऱ्यात निवांत पिकतं. बर्लिनला जून-जुलैच्या सतरा-सोळा तासांच्या दिवसात ते फुलायचं नावच घेत नाही. ऑगस्टात रात्र थोडी वाढते, तेव्हा कुठे त्याला जाग येते. फूल पिकायला पुढे दोनेक महिने लागतात, आणि तोवर ऑक्टोबरचा गारठा, रिमझिम आणि बुरशी दारात हजर. म्हणून नवशिका माणूस तंबू आणतो. आत दिवा, पंखा, वास अडवणारी कोळशाची गाळणी आणि सगळ्यात महत्त्वाचा टाइमर. वाढीच्या दिवसांत लांब दिवस, मग एके दिवशी टाइमरचा काटा फिरवून बारा तासांचा अंधार. म्हणजे काय, तर पोखर्णीचा आश्विन महिना विजेच्या बिलावर विकत घेतलेला. त्या अंधारात चार्जरचा बारीक दिवा जरी चमकत राहिला तरी तिकडचे लोक कासावीस होतात.

हिरण्यकशिपूने वर मागितला होता: मरण दिवसा नको, रात्री नको, घरात नको, घराबाहेर नको. पोखर्णीच्या नृसिंहाने संध्याकाळ आणि उंबरठा शोधून त्या वरातून वाट काढली. शनिवारी दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं की ही गोष्ट हमखास आठवते. बर्लिनच्या तंबूवाल्याची खटपटही त्याच जातीची, फक्त त्याला दिवस-रात्र आणि आत-बाहेर हे चारही आपल्या मुठीत हवे असतात.

टाइमरच्या कटकटीतून सुटायचा आणखी एक मार्ग निघाला. रशियाच्या बाजूला या झाडाचा एक खुजा, रानटी प्रकार सापडतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की याने १९२४ मध्ये त्याला रुडेरॅलिस असं नाव दिलं. तिकडचा उन्हाळा इतका तोकडा, की रात्रीची वाट बघत बसलेलं झाड बी न धरताच मरायचं. त्यामुळे हा प्रकार रात्र मोजतच नाही; वय झालं की फुलतो. त्याच्याशी संकर करून आता असे वाण निघालेत की दिवा कितीही वेळ जळो, फूल ठरल्या वेळी येणार.

हे वाचून परभणीच्या जुन्या कास्तकाराला नवल वाटू नये, कारण ज्वारीच्या बाबतीत हेच झालं. आजोबांच्या वेळची खरीप ज्वारी उंच, रात्र मोजणारी. पेरणी मृगात होवो की पंधरा दिवस मागे-पुढे, कणीस बाहेर पडायचं ते पाऊस ओसरताना. दाणा कोरड्या हवेत भरायचा, पांढराशुभ्र राहायचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित वाण आला. त्याची आई सीके-६० ही अमेरिकेतली. ठेंगणा, भरघोस, लवकर येणारा आणि रात्रीची फारशी पर्वा न करणारा. उत्पन्न वाढलं, पण कणीस भर पावसात निसवू लागलं आणि दाण्यावर बुरशी चढली. काळ्या पडलेल्या संकरित ज्वारीच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली, त्यांना ती विसरता आलेली नाही. रब्बीत मात्र मालदांडीने आणि नंतर परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परभणी मोतीने पत टिकवली.

उलट दिशेनेही तेच. उष्ण प्रदेशातली उंच ज्वारी टेक्सासमध्ये पेरली की कणसावर यायचं नाव घेत नसे. म्हणून १९६३ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी मोठा खटाटोप मांडला: संकर करायचा पोर्टो रिकोच्या लहान दिवसांत, निवड करायची टेक्सासच्या लांब दिवसांत, आणि पिढ्यान् पिढ्या असं मागे-पुढे करत ज्वारीला रात्र विसरायला लावायची. तंबूत दिवा लावण्यापेक्षा हे मला जास्त मोठं काम वाटतं. ज्वारीला कपाटात कोण ठेवणार?

कपाटातल्या शेतीचा हिशेब तसाही परवडणारा नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बंदिस्त लागवडीची गणितं मांडली. वाळलेल्या एक किलो फुलामागे, जागेनुसार, सुमारे २,३०० ते ५,२०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार. दिवे, वातानुकूलन, हवेतला ओलावा काढणं, सगळं विजेवर. सूर्य फुकट असताना! इकडे आमच्या पाळीत रात्रीची लाईट येते, तेव्हा गव्हाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन साप-विंचवांतून जावं लागतं. विजेचं असं वाटप बघितलं की कुणाच्या रात्रीची किंमत किती, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता कायदा. एनडीपीएस कायदा १९८५ चा. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळं धरलेला शेंडा. शेंड्याशिवायचं पान आणि बी त्या व्याख्येत येत नाही, म्हणून भांगेचा व्यवहार राज्यांच्या नियमांवर चालतो. पण झाड लावणं, मग ते एक का असेना, परवान्याशिवाय गुन्हाच, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड. इंग्रजांच्या काळात परवाने होते, सरकारी गोदामं होती. १८९३-९४ च्या चौकशी आयोगाने अकराशेहून जास्त साक्षी नोंदवून सात खंडांचा अहवाल दिला आणि सरसकट बंदीची गरज नाही असं म्हटलं. ते दिवस गेले. अलीकडे उत्तराखंडने नशेचा अंश अगदी नगण्य असलेल्या, धाग्यासाठीच्या भांगेच्या (हेम्प) वाणांना परवाने दिले आहेत. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने मोबाइलवरचा ‘हेम्प’चा व्हिडिओ बघून बी मागवायचा विचार करू नये. दोराची हौस असेल तर अंबाडी आहे. तिचं पान अगदी गांजाच्या पानासारखं बोटाबोटांचं, तीही रात्र मोजूनच फुलते, तिची भाजी होते, कासरा होतो आणि पंच येत नाहीत.

टोरांटो-बर्लिनला शिकायला गेलेल्या पोरांच्या आईबापांसाठी एक बारीक कलम. हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, असं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. तिथे चालतं म्हणून सामानात टाकलेली पुडी तर विमानतळावर सरळ तस्करी ठरते.

दिव्यांचा खेळ आपल्याकडेही चालतो, कायदेशीर. पॉलिहाउसमधली शेवंती लांब दांड्याची व्हावी म्हणून रात्री बल्ब लावतात, फुलवायची वेळ आली की काळा पडदा ओढतात. ड्रॅगन फ्रूटचा स्वभाव उलटा. त्याला लहान रात्र लागते, म्हणून हिवाळ्यात बागेत एलईडीच्या माळा पेटवून बिगरहंगामी फळ घेतात. दर चांगला मिळतो, बिलही चांगलं येतं. तुम्ही अशी बाग लावणार असाल आणि बांधाला लागून शेजाऱ्याची ज्वारी असेल, तर दिव्यांची तोंडं आतल्या बाजूला वळवा. त्याच्या चार ओळी निसवल्या नाहीत तर तो फायटोक्रोमला दोष देणार नाही.