कायद्यात न आलेले नाव : सौसर, पांढुर्णा आणि १९५६ ची राज्य पुनर्रचना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, आणि मधल्या पात्रावरून दगड भिरकावले जातात. या 'गोटमार'ची बातमी दरवर्षी देशभर जाते. त्या बातमीत गाव मध्य प्रदेशातले असते, सण मात्र मराठी शेतकऱ्याचा. शेजारच्या सौसरमध्येही हेच चित्र आहे. घरात मराठी, शेतात संत्री आणि कापूस, मोठ्या बाजारासाठी नागपूरची वाट. शासनाचा कागद मात्र हिंदीत आणि राजधानी भोपाळ.

हे असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'सीमाभाग' या एका शब्दात संपवले जाते. प्रत्यक्षात ते संसदेने संमत केलेल्या एका कायद्याच्या दोन कलमांत सापडते. त्या कलमांत सौसर किंवा पांढुर्णा यांच्याविषयी एक अक्षरही नाही, आणि त्या मौनानेच या भागाचे राज्य ठरवले.

कलम ८ आणि कलम ९

राज्य पुनर्रचना अधिनियमाला ३१ ऑगस्ट १९५६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ नोव्हेंबरपासून नवी राज्ये अस्तित्वात आली. अधिनियमाचे कलम ८ नव्या मुंबई राज्याविषयी आहे. जुन्या मध्य प्रदेशातील कोणता प्रदेश या राज्यात यावा, हे सांगताना तेथे आठ जिल्ह्यांची नावे दिली आहेत : बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा. पुढचे कलम ९ नव्या मध्य प्रदेशाचे. त्यात जुन्या मध्य प्रदेशापुरते जिल्हे मोजलेलेच नाहीत. कलम ८ मध्ये नावे घेतलेले जिल्हे वगळून उरलेला सर्व प्रदेश, एवढेच तेथे म्हटले आहे.

सौसर आणि पांढुर्णा तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होते. छिंदवाडा आठांच्या यादीत नव्हता. म्हणून तो 'उरलेल्या' प्रदेशात गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा दक्षिणेकडील मराठी भागही गेला. हा भाग मध्य प्रदेशात ठेवावा असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. तो काढून घ्यावा असे कोठे लिहिले गेले नाही, इतकेच.

भूगोल पाहिला तर ही विसंगती अधिक स्पष्ट होते. छिंदवाडा शहर सातपुड्याच्या पठारावर आहे. सौसरचा प्रदेश घाट उतरल्यावर लागतो आणि नागपूरच्या मैदानाला मिळतो. इतिहासाचा ओघही त्याच दिशेचा. देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी निवर्तल्यावर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याची राजधानी नागपूर होती. स्वातंत्र्यानंतर प्रांताचे मध्य प्रदेश असे नामांतर झाले तरी राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत सौसरचा माणूस नागपूरलाच आपल्या राज्याच्या राजधानीत जात होता. दुसऱ्या दिवशी राज्याचे नाव तेच राहिले, पण नागपूर त्या राज्याबाहेर गेले. राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सौसर जागेवरून हलले नव्हते.

विधेयकाची तीन वाचने

एखाद्या तालुक्याचे म्हणणे कायद्यात यायचे असेल तर ते कोठून येऊ शकते, हे समजण्यासाठी संसदेचे कामकाज कसे चालते ते पाहावे लागते. आपल्या संसदेत विधेयकाची तीन वाचने होतात. ही रीत सतराव्या शतकातील इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये पूर्ण रुळलेली होती आणि तेथूनच ती आपल्याकडे आली. 'वाचन' हा शब्द तेव्हा शब्दशः खरा होता. वेस्टमिन्स्टरच्या सेंट स्टीफन चॅपेलमध्ये कॉमन्स सभागृह सकाळीच बसे. प्रार्थना झाल्यावर कारकून विधेयक मोठ्याने वाची, कारण प्रत्येक सदस्याच्या हाती छापील प्रत नसे. दुसऱ्या वाचनानंतर विधेयक समितीकडे जाई. समितीने दुरुस्त केलेला मजकूर चर्मपत्रावर उतरवला जाई, मग तिसरे वाचन, मग लॉर्ड्सचे सभागृह आणि अखेरीस राजाची संमती. एका दिवसाच्या कामकाजात कराच्या विधेयकाशेजारी एखाद्या नदीचे, एखाद्या जहागिरीचे किंवा एखाद्या गावाचे विधेयक येई.

या पद्धतीत नाव न आलेल्या प्रदेशाचे काय होते, याचे त्याच शतकातील उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅम परगणा. तेथे बिशपला विशेष राजसत्ता होती आणि त्यामुळे या परगण्यातून कॉमन्समध्ये प्रतिनिधी जात नसत. पार्लमेंटने मंजूर केलेले कर मात्र तेथील लोकांना लागू असत. प्रतिनिधित्व मागणारी विधेयके १६१४ आणि १६२१ मध्ये आली आणि अडली. १६२४ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले, पण पहिल्या जेम्सने संमती दिली नाही. अखेर १६७३ मध्ये कायदा झाला आणि १६७५ मध्ये परगण्याने आपला पहिला प्रतिनिधी नियमित पार्लमेंटकडे निवडून दिला. पहिल्या विधेयकापासून त्या निवडणुकीपर्यंत साठहून अधिक वर्षे गेली. आपले नाव असलेले विधेयक सर्व पायऱ्या चढून जाईपर्यंत डरहॅमला काहीच मिळाले नाही.

सौसरची स्थिती डरहॅमसारखी नव्हती. त्याला मत होते, आमदार होते. पण कामकाजाचा नियम तोच होता. आजच्या पद्धतीत पहिले वाचन म्हणजे विधेयक मांडण्याची परवानगी. तिसऱ्या वाचनात विधेयक स्वीकारावे की फेटाळावे एवढाच विचार होतो आणि त्या टप्प्यावर केवळ शाब्दिक दुरुस्त्या चालतात. एखादा तालुका इकडून तिकडे नेण्याची खरी संधी मधल्या टप्प्यात असते : समितीत आणि कलमवार चर्चेत. हे कलम विधेयकाचा भाग व्हावे, असा प्रस्ताव अध्यक्ष मताला टाकतात. कलम ८ त्या मतदानातून आठ जिल्ह्यांसह पार पडले, की सौसरचा प्रश्न त्या विधेयकापुरता मिटला.

चर्चेचे केंद्र मुंबई

१९५६ च्या उन्हाळ्यात संसदेपुढे हे विधेयक गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी आणले, तेव्हा सर्वांचे लक्ष मुंबई शहराकडे होते. मूळ मसुद्यात महाराष्ट्र आणि गुजरात ही वेगळी राज्ये आणि मुंबई केंद्रशासित, अशी योजना होती. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात आंदोलन पेटले होते. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. शेवटी ऑगस्टमध्ये लोकसभेत दुरुस्ती येऊन विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य करण्याचे ठरले आणि १० ऑगस्टला विधेयक लोकसभेत संमत झाले. राज्याचे रूप असे बदलले, पण त्यात येणारे विदर्भाचे आठ जिल्हे तेच राहिले.

ही आठांची यादी संसदेत तयार झालेली नव्हती. न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचवले होते आणि त्यासाठी हेच आठ जिल्हे धरले होते. विदर्भ राज्य झाले नाही. यादी मात्र टिकली. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक मानला होता. त्यामागे व्यवहार होता. महसुलाचे दप्तर, न्यायालय, कोषागार, रस्ते यांची घडी जिल्ह्यावर बसलेली असते आणि ती मोडली तर कारभार विस्कटतो. या मोजमापात छिंदवाडा हा एकच आकडा होता. संपूर्ण जिल्ह्यात मराठी बहुसंख्य नसल्यामुळे घाटाखालचा मराठी भाग त्या आकड्यात दिसेनासा झाला.

जिथे तालुके मोजले गेले

तथापि जिल्हा मोडायचा नाही, हा नियम संसदेने सर्वत्र पाळला नाही. त्याच कलम ८ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे देताना चंदगड तालुका नाव घेऊन वगळला आणि तो मुंबई राज्यात ठेवला. गोव्याच्या वेशीजवळचा हा तालुका आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, तो त्या एका शब्दामुळे. हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके वेगळे काढले. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा काढले, नांदेडच्या देगलूर आणि मुधोळ तालुक्यांतील काही महसुली मंडळे वगळली. खुद्द मध्य प्रदेशाच्या कलम ९ मध्येही मंदसौर जिल्ह्यातील सुनेल टप्पा राजस्थानसाठी वगळला आहे आणि राजस्थानातील सिरोंज उपविभाग आत घेतला आहे. टप्पा हा तर तहसिलीहूनही लहान.

म्हणजे कायद्याला तालुका दिसत होता, मंडळ दिसत होते, टप्पाही दिसत होता. कायदेशीर अडचण नव्हती. जिथे बारीक रेषा ओढण्याचे ठरले, तिथे ती ओढली गेली. छिंदवाड्याच्या दक्षिणेला ती ओढली गेली नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार राज्यांच्या सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. राष्ट्रपतींनी विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवायचे असते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्या मतासाठी मुदत घालण्याचा अधिकारही दिला. सीमेवर राहणाऱ्या लोकांना विचारण्याची तरतूद त्यात नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, तोही या अनुच्छेदामुळे नव्हे. त्यासाठी संसदेला १९६६ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला. असा अधिनियम सौसरच्या वाट्याला आला नाही.

रेषेपलीकडे राहिलेल्यांसाठी

आपण ओढलेल्या रेषांमुळे काही लोक दुसऱ्या भाषेच्या राज्यात राहणार, याची जाणीव संसदेला होती. म्हणून त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने दोन अनुच्छेद घातले गेले. ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा आहे. ३५०-ख प्रमाणे त्यांच्या हिताची पाहणी करून राष्ट्रपतींना अहवाल देणारा विशेष अधिकारी नेमला जातो. त्याआधीच, १९४९ मध्ये, शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक मापही ठरवले होते : वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर मातृभाषेतून शिकवण्यासाठी शिक्षक द्यावा. अनुच्छेद ३४७ प्रमाणे राज्यातील लोकसंख्येच्या लक्षणीय भागाने मागणी केल्यास राष्ट्रपती त्यांच्या भाषेला मान्यता देण्याचा निर्देश देऊ शकतात.

या तरतुदींत एक समान सूत्र आहे. अनुच्छेद ३४७ मध्ये 'मागणी' हा शब्दच आहे, ३५०-क मध्ये 'प्रयत्न' हा. वर्गातील दहा मुलांची मोजणीही पालकांनी मातृभाषा सांगितल्यावर सुरू होते. ज्या घरात मराठी बोलली जाते पण शाळेच्या अर्जावर वा जनगणनेच्या तक्त्यात हिंदी लिहिली जाते, त्या घराला या अनुच्छेदांचा उपयोग होत नाही. १९५६ मध्ये कायद्याचे मौन निर्णायक ठरले. त्यानंतर बोलणाऱ्यांचे मौनही तितकेच निर्णायक ठरू शकते. कायदा नोंदीत नसलेली भाषा ओळखत नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीचा शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद नाव घेऊन झाली. त्यावरून कितीही वाद झाले तरी अर्ज करणाऱ्या मराठी माणसाला बोट ठेवायला एक कलम आहे. सौसरच्या माणसाला तसे कलम नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली त्यात आल्या. जिल्हा करण्यासाठी संसद लागत नाही. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेखाली राज्य सरकार अधिसूचना काढून तो करू शकते. या अधिसूचनेने राज्याची सीमा बदलली नाही आणि लोकसभेसाठी हा भाग छिंदवाडा मतदारसंघातच आहे. पण जो भाग १९५६ मध्ये मोठ्या जिल्ह्याच्या आकड्यात दिसेनासा झाला होता, तो आता स्वतःच जिल्हा आहे. यापुढे शाळा, शिक्षक आणि भाषा यांची जिल्हावार मोजणी होईल तेव्हा छिंदवाड्याच्या सरासरीत तो बुडणार नाही. त्या तक्त्यात मराठीपुढे कोणता आकडा येईल, हे मात्र जाम नदीच्या दोन्ही काठांवरची घरे अर्जातील मातृभाषेच्या रकान्यात काय लिहितात, यावर ठरेल.