पित्ताशयाची शस्त्रक्रिया : घरी परतल्यानंतर

पित्ताशयातील खडे काढावेत का, अशी विचारणा धर्मग्रामस्थ आमच्याकडे वारंवार करतात. निर्णय अर्थातच शल्यविशारदाचा. परंतु काही गोष्टी आपणांसही ठाऊक असाव्यात.

खडे असूनही त्रास नसेल, तर बहुधा शस्त्रक्रियेची गरज नसते. कळा येत असतील, तर खड्यांसह पित्ताशयच काढतात. कारण ते राहिल्यास खडे पुन्हा होऊ शकतात. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ही केवळ त्याची साठवण. म्हणून पचन चालूच राहते. काहींना जुलाब होतात. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया केली. आता ती सर्रास होते व बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात. क्वचित पोट उघडावे लागते. ते अपयश नव्हे, सावधगिरी होय.

गंभीर धोका आहे तो पित्तनलिकेला इजा होण्याचा. हजारात साधारण ३ ते ५ रुग्णांना ती होते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षात येत नाही. घरी आल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढल्या, ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर गॅस समजून ओवा खात बसू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत.