वांगी भाजेपर्यंत ब्राउझर काय करतो?

मोबाइलवर जळगावचा नकाशा उघडा आणि तो बोटाने हळूहळू उजवीकडे सरकवा. प्रथम एरंडोल दिसेल, मग पारोळा आणि शेवटी धुळे. रस्त्याने हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. इंटरनेट मंद असेल तर या प्रवासात एक गंमत दिसते. नकाशाचे काही चौकोन क्षणभर कोरे राहतात आणि मग एकेक करून भरतात. पण ते क्रमाने भरतीलच असे नाही. कधी पारोळ्याचा चौकोन आधी भरतो आणि एरंडोलचा मागाहून. विशेष म्हणजे हे सगळे चालू असताना तुमचे बोट कुठेच अडत नाही.

हे कसे घडते? त्यासाठी आधी पान उघडते म्हणजे काय होते ते पाहू.

आपण ब्राउझरमध्ये पत्ता टाकतो तेव्हा दूरवरच्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, विनंती जाते. उत्तरादाखल पानाचा मजकूर येतो. पण तो वाचताना ब्राउझरला कळते, की अजून बरेच सामान आणायचे आहे: चित्रे, अक्षरांचे वळण, रंगरूपाचे नियम आणि जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञावली. यांतील प्रत्येक गोष्टीसाठी सहसा एक वेगळी विनंती करावी लागते. साध्या दिसणाऱ्या पानासाठीही अशा अनेक विनंत्या लागतात.

प्रत्येक विनंतीला वेळ लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. जळगावहून मुंबई ४०० किलोमीटर धरली, तर जाऊन येण्यास ४ मिलिसेकंद पुरतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पण सर्व्हर अमेरिकेत, १३ हजार किलोमीटरवर असेल, तर जाऊन येण्यास निदान १३० मिलिसेकंद हवेत. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, वाटेत अनेक यंत्रे असतात, शिवाय सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावी मोबाइलचा सिग्नल क्षीण असतो. त्यामुळे प्रत्यक्षात आणखी वेळ जातो. आपल्या गणितासाठी एका फेरीला २०० मिलिसेकंद, म्हणजे ०.२ सेकंद धरू.

चुलीपाशी उभे राहायचे की पात चिरायची?

आता जरा स्वयंपाकघरात चला. खानदेशात हिवाळा आला की भरिताचा बेत ठरतोच. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. समजा, वांगी भाजायला २० मिनिटे, कांद्याची पात चिरून मिरची-लसूण ठेचायला १० मिनिटे, भाकरीचे पीठ मळायला ५ मिनिटे आणि शेवटी भरीत ठेचून फोडणी द्यायला १० मिनिटे लागतात. वांगी भाजेपर्यंत चुलीपाशी नुसते उभे राहिले आणि मग एकेक काम केले, तर एकूण ४५ मिनिटे होतात. पण वांगी विस्तवावर ठेवून तेवढ्यात पात चिरली आणि पीठ मळले, तर ३० मिनिटांत काम आटोपते.

लक्षात घ्या, वांगी पूर्वीइतकाच वेळ भाजली. विस्तव वाढला नाही की माणसेही वाढली नाहीत. फक्त वाट पाहण्याचा वेळ दुसऱ्या कामाने भरला.

ब्राउझर नेमके हेच करतो. विनंती पाठवून तो पुढच्या कामाला लागतो आणि उत्तर आले की त्याकडे वळतो. अशा विनंतीला असिंक्रोनस, मराठीत असमकालिक विनंती म्हणतात. उत्तर येईपर्यंत सगळे काम थांबवून ठेवणारी विनंती ती सिंक्रोनस.

आता गणित करू. एका पानाला १२ चित्रे आहेत. पानाची एक आणि चित्रांच्या १२ अशा १३ विनंत्या एकामागून एक केल्या, तर १३ × ०.२ = २.६ सेकंद लागतील. जुन्या पद्धतीत ब्राउझर एका सर्व्हरशी साधारणपणे ६ जोडण्या एका वेळी ठेवतो. तेव्हा पानाची एक फेरी आणि चित्रांच्या दोन फेऱ्या, म्हणजे ०.६ सेकंदात काम होईल. २०१५ साली आलेल्या एचटीटीपी/२ या नियमावलीने एकाच जोडणीवरून अनेक विनंत्या एकदम पाठवण्याची सोय केली. (चित्रांच्या आकारामुळे लागणारा वेळ आपण येथे धरलेला नाही.)

नकाशाने केलेली क्रांती

प्रारंभीच्या काळात चित्रे जरी एकत्र येत असली, तरी पानातील एखादी लहानशी गोष्ट बदलायची झाली की बहुधा अख्खे पान पुन्हा मागवावे लागे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ या ब्राउझरमध्ये पान तसेच ठेवून मागच्या मागे सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय आली. तिचे सामर्थ्य लोकांच्या डोळ्यांत भरले ते २००४ मधील जीमेलमुळे आणि २००५ मधील गूगल मॅप्समुळे. नकाशा लहान चौकोनांत कापलेला. सरकवला की फक्त नवे चौकोन मागवायचे. त्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. पारोळ्याचा चौकोन एरंडोलच्या आधी का भरला, हे आता ध्यानात आले असेल. ज्याचे उत्तर आधी आले, तो आधी भरला!

पण प्रत्येक वेळी फायदा होतोच असे नाही

पहिली अडचण अवलंबनाची. वांगे भाजल्याशिवाय ठेचता येत नाही. समजा, पान आल्यावर आज्ञावली मागवायची, ती चालली की विद्यार्थ्यांची यादी मागवायची आणि यादी आली की त्यातील छायाचित्र. या चार विनंत्या साखळीने जोडलेल्या आहेत. त्यांना ४ × ०.२ = ०.८ सेकंद लागणारच. पाहा, मघाच्या १३ विनंत्या ०.६ सेकंदात झाल्या आणि या चारच विनंत्यांना अधिक वेळ लागला! म्हणून कुशल प्रोग्रामर विनंत्यांची नुसती संख्या मोजत नाही, साखळीची लांबीही मोजतो.

दुसरी अडचण अशी, की स्वयंपाक करणारे माणूस एकच आहे. पानातील जावास्क्रिप्ट सर्वसाधारणपणे एका वेळी एकच काम करते. वाट पाहण्याचा वेळ वाचतो, पण प्रत्यक्ष कामाचा वाचत नाही. आज्ञावली अवजड असेल आणि फोन स्वस्तातला असेल, तर सगळे सामान येऊनही पान अडखळते.

तिसरी गोष्ट आज्ञावली कशी जोडली याची. मजकुराच्या मध्ये ती साध्या रीतीने जोडली, तर ती येऊन चालेपर्यंत ब्राउझर पुढचे पान रचत नाही. 'असिंक' असा शब्द जोडला, तर ती मागच्या मागे येते आणि आली की लगेच चालते. 'डिफर' जोडला, तर तीही मागच्या मागे येते, पण पान वाचून झाल्यावर आणि ठरलेल्या क्रमानेच चालते. क्रम महत्त्वाचा असेल तेथे 'असिंक' घातक ठरू शकते.

निकालाच्या दिवशी

जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की राज्यभरातले लाखो विद्यार्थी बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकून निकाल मागतात. काळीज धडधडत असते आणि पान उघडत नाही. अशा वेळी असमकालिक विनंती उपयोगी पडेल काय?

थोडीशी. अख्खे पान पुन्हा न आणता फक्त गुण आणले, तर ओझे कमी होते. पण येथे खरी रांग सर्व्हरच्या दारात असते आणि तुमच्या ब्राउझरची कोणतीही युक्ती ती हटवू शकत नाही. उलट पान अधीरपणे दर सेकंदाला पुन्हा मागवले, तर प्रत्येक वेळी नवी विनंती रांगेत उभी राहते आणि सर्वांचाच खोळंबा होतो. म्हणून चांगल्या आज्ञावलीत उत्तर न आल्यास आधी १ सेकंद, मग २, मग ४, मग ८ असे थांबून पुन्हा विचारतात. तुम्हीही त्या दिवशी हेच करा. दहा मिनिटे थांबल्याने गुण बदलत नाहीत!

करून पाहा

शाळेच्या संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा. एफ-१२ ही कळ दाबा, 'नेटवर्क' हा भाग निवडा आणि कोणतेही पान पुन्हा उघडा. प्रत्येक विनंतीची एक आडवी पट्टी दिसेल. ज्या पट्ट्या एकाखाली एक, एकाच वेळी सुरू होतात, त्या असमकालिक. जी पट्टी दुसरी संपल्यावरच सुरू होते, तेथे साखळी असण्याचा संभव आहे. तेथेच इंटरनेटची गती मुद्दाम कमी करण्याचीही सोय आहे. ती वापरून पुन्हा पाहा. एकूण विनंत्या किती, सर्वांत लांब साखळी केवढी आणि पहिला मजकूर केव्हा दिसला, हे तीन आकडे वहीत लिहा. शिक्षकांनी वर्गाचे चार गट करून चार वेगवेगळ्या पानांची अशी तुलना करून घ्यावी आणि सर्वांत संथ पान साखळीमुळे अडले, अवजड आज्ञावलीमुळे की सर्व्हरच्या रांगेमुळे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.