चित्रावरचा हरताळ

समुद्रशेवाळापासून केलेली, खरवसाच्या वडीसारखी थलथलीत चकती; तिच्या एका टोकाच्या खाचांत डी.एन.ए.चे थेंब सोडायचे आणि विजेचा प्रवाह चालू करायचा. ऋणभारित डी.एन.ए. धन टोकाकडे धावू लागतो. लहान तुकडे पुढे सटकतात, मोठे मागे रेंगाळतात. रंगद्रव्य लावून अतिनील प्रकाशात छायाचित्र घेतले की उजळ पट्ट्यांची शिडी दिसते. हेच ‘जेल’चे चित्र.

पण कोणत्या पट्टीत माल किती, हे डोळ्यांनी कसे सांगावे? संगणक चित्राचे बारीक चौकोन पाडतो आणि बहुधा प्रत्येकाला ० ते २५५ पैकी उजेडाचा एक आकडा देतो. पार्श्वभूमी वजा करून बेरीज केली की पट्टीचे माप हाती येते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या वेन रासबँड यांची ‘इमेजजे’ ही आज्ञावली १९९७ पासून हे काम करते, आणि तेही फुकट! मात्र छायाचित्रात प्रकाश अती झाला, तर २५५ च्या वर आकडाच नाही. दुप्पट माल असूनही पट्ट्या सारख्या ठरतात.

जुन्या पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत. तो पिवळा डाग तरी मागे राही. संगणकावर पुसलेल्या पट्टीचा डागही दिसत नाही. २०१६ साली एलिझाबेथ बिक व सहकाऱ्यांनी २०,६२१ शोधनिबंधांतील चित्रे नुसत्या नजरेने तपासली; ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र अयोग्य रीतीने पुन्हा वापरलेले निघाले. साऱ्यांनाच लबाड म्हणू नये; परंतु त्यांपैकी निदान निम्म्यांत हेतूची चिन्हे होती. पुष्कळ नियतकालिके आता मूळ, हात न लावलेले चित्रच मागतात.