आधी घरात क्षांती, मग गावात वाचन

आषाढी ते आश्विनी पौर्णिमेच्या वर्षावासात आम्ही सहकुटुंब खेड्यात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाला जातो. यंदा एस.टी. वाटेत बंद पडली. वर पाऊस, धाकटीला ताप, तिकडे विहारात माणसे खोळंबलेली. थोरला भुकेने कुरकुरला आणि मी त्याच्यावर हात उगारला. पत्नी हळूच म्हणाली, "गावाला क्षांती वाचून दाखवायची आणि पोराला मारायचं?" मी खजील झालो.

क्षांती ही दहा पारमितांपैकी एक. द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणे. पुण्ण भिक्खू सुनापरान्तात धम्मप्रचाराला निघाले. तो मुलूख म्हणजे आपल्या सोपाऱ्याकडचा. तिथला स्तूप १८८२ साली उत्खननात सापडला. तथागतांनी त्यांना विचारले, लोकांनी शिव्या दिल्या तर? मारले तर? ते याहून वाईट वागले नाहीत, म्हणजे चांगलेच, असे मी मानीन, हे पुण्णांचे उत्तर. मग तथागतांनी त्यांना जाण्यास योग्य ठरविले.

बंधू-भगिनींनो, श्रद्धा म्हणजे नवस नव्हे. जो मार्ग पटला, तो अडचणीतही न सोडणे म्हणजे श्रद्धा.

आम्ही उशिरा पोहोचलो. मोजकीच माणसे थांबली होती. आधी लेकाची माफी मागितली, मग ग्रंथ उघडला. जयभीम!